हात लावलेला खडक

९ जानेवारी, सोमवार

पत्र आलं. माझा तात्पुरता परवाना जूनअखेर संपतो. एक मेच्या आत भूशास्त्र शिक्षकांच्या एखाद्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात प्रवेश मिळाल्याचा कागद दाखवायचा, म्हणजे पुढे शिकवता येईल. नाहीतर पायनी फोर्क हायस्कूलने दुसरा मास्तर शोधायचा. प्रिन्सिपॉल कॉन्ली बाई म्हणाल्या, "होबर्ट, दुसरा मिळणार नाही. मागच्या वेळी जाहिरात दिली तेव्हा एकच अर्ज आला होता."

तो माझाच होता.

ही वही ओपलने आणून दिली. म्हणाली, "तू बोलत तर नाहीसच, निदान लिही तरी. निर्णय घ्यायचा असला की माणसाने लिहून काढावं." बायकोचं ऐकावं म्हणून लिहितोय. चव्वेचाळीस वर्षांचा आहे, त्यातली चौदा कोळशाच्या खाणीत गेली, तिथे रोजनिशी लिहायची सवय लागत नाही.

१४ जानेवारी, शनिवार

तीन ठिकाणची माहितीपत्रकं जेवणाच्या टेबलावर पसरून बसलो होतो.

पहिलं इथलंच कॉलेज, अर्ध्या तासावर. आठवड्यातून दोन संध्याकाळी. दुसरं दक्षिणेतलं एक विद्यापीठ, सगळं घरबसल्या संगणकावर, शेवटी फक्त दहा दिवसांची सहल. तिसरं डोंगरापलीकडचं, साडेतीन तासांचा रस्ता. हिवाळ्यात दर शनिवारी वर्ग आणि दोन उन्हाळे आठ-आठ आठवडे तिथेच राहायचं, दगड फोडत हिंडायचं. पत्रकात हेल्मेट घातलेल्या शिक्षकांचा फोटो आहे, एका बोगद्याच्या तोंडाशी. सगळे हसतायत.

ते तिसरं मी बाजूला ठेवलं. इतके दिवस ओपलला एकटीला टाकून जाणं बरं नाही. शिवाय मोठा पाऊस झाला की आमच्या तळघरात पाणी येतं.

ओपल भांडी पुसत होती. "तळघरात पाणी आलं की बादली मीच धरते," एवढंच म्हणाली.

२ फेब्रुवारी, गुरुवार

नववीला कोळशाचा धडा सुरू केला. माझी पुतणी डार्सी त्याच वर्गात आहे. माझा धाकटा भाऊ वेंडल याची मुलगी. वेंडल खाणीत छत कोसळून गेला तेव्हा ती चार वर्षांची होती, म्हणजे अकरा वर्षं झाली. वर्गात मला ‘सर’ म्हणते ते ठीकच, पण रस्त्यात भेटली तरी ‘सर’च म्हणते. तिच्या आईने, नेल्डाने, वळण चांगलं लावलंय.

आज मात्र तिने आगाऊपणा केला. मधेच हात वर केला. "सर, किटलीचं बूड म्हणजे काय?"

वर्ग एकदम गप्प. एरवी टाचणी पडली तरी ही पोरं खिदळतात.

मी म्हणालो, "ते पुस्तकात नाही."

"पुस्तकात नसलेलं तुम्ही शिकवत नाही का?"

"परीक्षेत येणार नाही, डार्सी. पान एकशे बारा काढा."

या वयात पोरांना तास फुकट घालवायला काहीतरी निमित्त हवं असतं. पण उरलेला वेळ मी फळ्यावर काय लिहिलं ते मला आठवत नाही.

११ फेब्रुवारी, शनिवार

जवळच्या कॉलेजात जाऊन आलो. चहा-बिस्किटं होती. प्राध्यापक महाशयांनी दोन तास वर्गातली शिस्त, मुलांचे गट कसे पाडावेत, गुण कसे द्यावेत हे सांगितलं. मी विचारलं, "यात पृथ्वी कुठे येते?" लोक हसले. तेही हसले. म्हणाले, "दुसऱ्या सहामाहीत एक ऐच्छिक विषय आहे."

घरी आल्यावर ओपलला सांगितलं की हेच घेऊन टाकतो.

"तुला आवडलं?"

"जवळ आहे."

"मी काय विचारलं?"

पोरांना खडक शिकवायचे आणि आपण खडक शिकायचे नाहीत, हे माझ्याही पचनी पडत नाही. मागच्या वर्षी एका मुलाने नदीतला दगड आणून विचारलं होतं, यात हे पट्टे का? मी म्हणालो, उद्या सांगतो. तो उद्या अजून यायचाय.

२२ फेब्रुवारी, बुधवार

दक्षिणेतल्या विद्यापीठात फोन केला. फार गोड बोलणारा माणूस. सगळं समजावून सांगितलं. शेवटी मी विचारलं, "ती दहा दिवसांची सहल चुकवता येते का?"

तो हसायलाच लागला. "अहो, लोक त्या सहलीसाठी प्रवेश घेतात! काही अडचण आहे का?"

"गुडघा," मी म्हणालो.

फोन ठेवला तर ओपल दारात उभी. "कुठला गुडघा?"

"उजवा."

"मागच्या महिन्यात त्याच गुडघ्याने छपरावर चढून बर्फ काढलास."

तिला सांगितलं की सहलीत वेळ वाया जातो. ती धुतलेले कपडे घड्या घालायला घेऊन गेली. तिला मी पुन्हा शिकायला जाणंच पसंत नसावं असं वाटतं. बायका असं सरळ बोलत नाहीत.

६ मार्च, सोमवार

डार्सीच्या उत्तरपत्रिकेत ‘कोळसा कसा तयार होतो?’ या प्रश्नापुढे लिहिलंय, ‘जे त्याच्याखाली गेले त्यांना विचारा.’

शून्य दिलं. मग ते खोडलं. मग पुन्हा दिलं.

हायवेलगत डोंगर कापलाय तिथे वर्गाला खडकांचे थर दाखवायला नेणार होतो, तेही तिसऱ्यांदा पुढे ढकललं. कॉन्ली बाईंना सांगितलं की बस मिळत नाही. बस मिळत होती.

१७ मार्च, शुक्रवार

डोंगरापलीकडच्या विद्यापीठातून फोन! तिथल्या प्रमुख डॉ. यूडोरा पेल्ट. मी अर्ज केलेलाच नव्हता. चौकशीचं पत्र ओपलने पाठवलं होतं, माझ्या नावाने. म्हणजे तिला पसंत नसावं हा माझा तर्क चुकला.

बाई वयस्क वाटल्या. आवाज खरखरीत. "मिस्टर स्टिल्टनर, तुम्ही खाणीत होतात असं दिसतंय. काय काम करायचात?"

"छताला बोल्ट मारायचो. कोळसा काढला की वरचा खडक खाली येऊ नये म्हणून."

"म्हणजे चौदा वर्षं तुम्ही खडकाकडे खालून पाहिलंत. माझ्याकडे येणाऱ्या एकाही शिक्षकाने तो तसा पाहिलेला नसतो. मला तुमच्याकडून निबंध नको. एकच पान लिहा, तुम्हाला चांगला माहीत असलेल्या एखाद्या खडकावर."

हो म्हणालो. काय अवघड आहे त्यात?

२५ मार्च, शनिवार

पान पाठवलं होतं. पश्चिमेकडच्या मोठ्या दरीतल्या लाल वालुकाश्मावर लिहिलं. दोन पुस्तकं उघडून, शुद्धलेखन तपासून.

आज उत्तर आलं. एकच ओळ. ‘या खडकाला तुम्ही हात लावलेला नाही. दुसरा निवडा.’

म्हातारी खडूस दिसते. जवळच्या कॉलेजचा अर्ज भरून ठेवलाय, सही तेवढी राहिली आहे.

८ एप्रिल, शनिवार

सही केली नाही. दुसरं पानही लिहिलं नाही. चार वेळा बसलो. ‘आमच्या खाणीच्या छताचा खडक करडा असे’ इथपर्यंत येतं आणि मग बाहेर जाऊन लाकडं फोडतो. ओपल म्हणते आता पुढच्या हिवाळ्याचीही झाली.

१६ एप्रिल, रविवार

काल लिहवलं नाही. आज सगळं लिहितो.

काल दुपारी ओपल आणि मी डोंगरउतारावर रानकांदे खणत होतो. बटाट्यात परतायला. तेवढ्यात नेल्डाचा ओपलला फोन. डार्सी सकाळपासून घरी नाही, वेंडलची जुनी हातोडी नेलीये, आणि मैत्रीण सांगते की ती टेकडीमागच्या जुन्या उघड्या खाणीकडे गेली.

ती जागा मला माहीत आहे. डोंगर अर्धा कापून कोळसा काढला आणि साठ फुटांची उभी भिंत तशीच सोडून दिली. खाली भिंत आत गेलीये, वरचा खडक पुढे आलाय. ओपलला तिथेच सोडून गाडी घेऊन गेलो.

डार्सी त्या पुढे आलेल्या खडकाखाली बसली होती. मांडीवर वही. चित्र काढत होती.

मी लांबूनच ओरडलो, "बाहेर ये! आत्ताच्या आत्ता!"

"तुम्हीच या ना आत, सर."

मी उभा राहिलो. तीस पावलं असतील. पाय उचलेना. खाण सोडल्यापासून मी कुठल्याही खडकाखाली उभा राहिलेलो नाही. हे मी आजवर कुणाला बोललो नव्हतो, स्वतःलाही नाही. हायवेवरचा डोंगर, दहा दिवसांची सहल, तो गुडघा, तळघरातलं पाणी! तिथे उभं असताना सगळं ओळीने दिसायला लागलं आणि लाज वाटली.

मग गेलो. ओरडून ती येणार नव्हती.

तिने हातोडीने वर दाखवलं. छताच्या खडकात एक गोल कडं होतं, कपडे धुवायच्या टबाएवढं. भोवती काळी बारीक रेघ. "हेच ना किटलीचं बूड?"

"हो. चल आता."

"हे झाड आहे. मी लायब्ररीत वाचलं. तीस कोटी वर्षांपूर्वी हे इथेच उभं होतं. आत चिखल भरला, त्याचा दगड झाला. सालीचा कोळसा झाला. साल गुळगुळीत असते, म्हणून धरून ठेवायला काहीच नसतं आणि बुंधा सुटून खाली पडतो. तुम्हाला माहीत होतं?"

"नाव माहीत होतं. झाड आहे हे नव्हतं माहीत. खाणीत कुणालाच माहीत नव्हतं."

"मग कधी कळलं?"

"मागच्या वर्षी. शिकवायला लागल्यावर."

"आणि मी विचारलं तेव्हा तुम्ही पान एकशे बारा काढायला लावलंत."

"डार्सी, बाहेर चल. बाहेर बोलू."

"नाही. बाहेर तुम्ही बोलत नाही. कुणीच बोलत नाही. आई नाही, तुम्ही नाही, चर्चमध्ये नाही. बाबा कसे गेले ते सांगा, मग उठते."

तेव्हा मी तिथेच, त्या कड्याखाली उभा राहून सांगितलं. घाईघाईने, डोळे वर लावून.

वेंडल गेला त्या जागी आदल्या पाळीत बोल्ट मी मारले होते. ते कडं मी पाहिलं होतं. सळईने ठोकलं, आवाज घट्ट आला. घट्ट आवाज आला की छत चांगलं, असं आम्ही समजायचो. तरी किटलीचं बूड दिसलं की दोन बोल्ट जादा मारायचे असतात. त्याला वीस मिनिटं लागली असती आणि पाळी संपत आली होती. मी मारले नाहीत. खडूची खूण केली नाही. वर आल्यावर कुणाला बोललोही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याखाली वेंडल उभा होता.

तिने वही मिटली, हातोडी घेतली आणि माझ्यापुढे चालत उन्हात गेली. गाडीत बसली. अर्धा रस्ता गेल्यावर म्हणाली, "आईला माहीत आहे?"

"नाही."

"मला वाटायचं बाबांचीच काहीतरी चूक झाली असेल. म्हणून सगळे गप्प बसतात."

मी गाडी कडेला घेतली. "त्याची? त्याची काडीचीही चूक नव्हती. तो सगळ्यात सावध माणूस होता. माझ्यापेक्षा कितीतरी."

तेव्हा ती रडली. मी खांद्यावर हात ठेवला तर तिने तो झटकला. मी काढून घेतला. तिच्या दारात सोडलं तेव्हा उतरताना म्हणाली, "कॉलेजात शिकलेल्या माणसाने ते कडं ओळखलं असतं का?"

"कडं मीही ओळखलं होतं," मी म्हणालो. "ते धरून ठेवायला काही नसतं, हे त्याला कळलं असतं. मग कदाचित तो त्या आवाजावर विसंबला नसता."

"कदाचित," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

१७ एप्रिल, सोमवार

डॉ. पेल्टना पान लिहिलं. किटलीच्या बुडावर. शाळेत जाण्याआधी, एका बैठकीत. पानाच्या मागच्या बाजूवरही लिहावं लागलं. पुस्तक उघडलं नाही.

ओपलला वाचून दाखवलं. तिने ऐकलं. मग म्हणाली, "खडकाखाली जायचं आलं की तू त्या अभ्यासक्रमात खोट काढायचास. मला वाटलं होतं तू स्वतःच कधीतरी ओळखशील."

"तू का नाही बोललीस?"

"तू रागावून पहिल्या कॉलेजच्या कागदावर सही केली असतीस." ते खरंच आहे.

२६ एप्रिल, बुधवार

डॉ. पेल्टचा फोन. प्रवेश दिला. पानाबद्दल एवढंच म्हणाल्या, "मी ते दोनदा वाचलं." मग लगेच, "आमच्याकडे दुसऱ्या आठवड्यात एका चालू खाणीत उतरतात. तुम्हाला सूट हवी असेल तर देते. कमीपणा मानू नका."

मी म्हणालो, "नको." फोन ठेवल्यावर तासभर लाकडं फोडली. नको म्हणून चूक केली की काय कळत नाही.

दुपारी कागदही संगणकावर आला, तो छापून कॉन्ली बाईंना दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरून वाचला.

५ मे, शुक्रवार

नववीचा वर्ग हायवेवर नेला. अखेर. थर दाखवले. मला जे येत नव्हतं तिथे ‘येत नाही’ म्हणालो, पाच वेळा. पोरांना त्यातच जास्त मजा आली. डार्सी सगळ्यांच्या मागे उभी राहून नुसतं ऐकत होती.

२९ मे, सोमवार

सरकारी स्मृतिदिन, सगळं गाव आपापल्या माणसांच्या थडग्यांवर फुलं वाहतं. दरवर्षी या दिवशी मी सकाळी सातला जाऊन वेंडलच्या थडग्याभोवतीचं गवत कापतो आणि परततो. नेल्डा दहाला फुलं घेऊन येते. आज मी दहाला गेलो.

ती मला पाहून थबकली. बरोबर डार्सी होती. ती न सांगता दूर जाऊन आजोबांच्या थडग्यापाशी बसली.

मी टोपी काढली आणि सगळं सांगितलं. पाठ करून आलो होतो, तरी मधेच अडखळलो. तिने अडवलं नाही. संपल्यावर फुलं खाली ठेवत म्हणाली, "मला माहीत आहे, होबी."

"डार्सीने सांगितलं?"

"चौकशीच्या माणसाने. त्याच महिन्यात. कागदावर लिहिलेलं होतं, आदल्या पाळीत बोल्ट कुणी मारले ते. कुणावर ठपका ठेवला नव्हता, पण नाव होतं."

मी म्हणालो, "अकरा वर्षं—"

"पहिली दोन वर्षं मी तुझ्यावर चिडलेले होते, त्या बोल्टांसाठी. नंतर तू येऊन बोलत का नाहीस म्हणून चिडले. तो राग काही गेला नाही. तू सातला येतोस हे मला ठाऊक होतं. एकदा सातला यायचं ठरवलं होतं मी. मग म्हटलं, मी का? त्याने दहाला यावं."

"नेल्डा, मी—"

"माफ केलं का ते विचारू नकोस. मलाच अजून समजलेलं नाही." तिने डोळे पुसले, मनगटाने. "आणि पोरीला मी काही सांगितलं नाही ती माझी चूक. ती तुझ्यावर ढकलत नाही." मग इकडेतिकडे पाहून म्हणाली, "त्या बाजूचं गवत राहिलंय."

मी गुडघे टेकून ते कापलं. ती तिथेच उभी होती, माझं संपेपर्यंत.

११ जून, रविवार

उद्यापासून वर्ग. ओपलने सोडायला येऊन वसतिगृहाची खोली झाडून दिली. बिछाना अरुंद आहे. बाकीचे शिक्षक विशी-तिशीतले. निघताना ओपल म्हणाली, "तळघराची काळजी करू नकोस," आणि आम्ही दोघंही हसलो. मग ती गेली आणि मी बराच वेळ खिडकीशी उभा राहिलो.

२० जून, मंगळवार

नकाशावरून थरांचा उतार काढायचं गणित मला जमत नाही. ओहायोकडचा एक कोवळा शिक्षक आहे, लायल नावाचा, तो शिकवतो. हातात दगड दिला की मात्र सगळे माझ्याकडे येतात. चाचणीत त्याच भागात नापास.

२२ जून, गुरुवार

आज खाणीत उतरलो.

तोंडाशी पाय थांबले. डॉ. पेल्टना म्हणालो, पाच मिनिटं द्या. मी बाकावर बसलो, त्या शेजारी येऊन बसल्या. बाकीचे बावीस जण हेल्मेटं घालून उन्हात ताटकळत राहिले. पाचाची बारा मिनिटं झाली. मग उठलो.

आत वास तोच होता. ओला दगड आणि तेल. वाटाड्या कोळशाचे थर दाखवत होता आणि सगळे भिंतीवर बॅटऱ्या मारून टिपणं घेत होते. मी भिंतीकडे पाहिलंच नाही.

लायल माझ्यामागून चालत होता. हळूच म्हणाला, "होबर्ट, तुम्ही सारखे वर काय बघताय?"

मी त्याला सांगितलं. गोल कडं कसं दिसतं, ते मुळात काय असतं, साल का सुटते, घट्ट आवाज का फसवतो. आणि वेंडलचंही सांगितलं. आवाज फार बारीक ठेवला होता, पण बोगद्यात आवाज लांबवर जातो. पुढच्या दोघी थांबल्या. त्यांच्या पुढचे थांबले. कुणीतरी म्हणालं, "पुन्हा सांगा, पहिल्यापासून," तेव्हा पहिल्यापासून सांगितलं.

मग आम्ही पुढे निघालो. वाटाड्या कोळशाबद्दल बोलतच होता. थोड्या वेळाने मी पुढेमागे पाहिलं, तर बावीसच्या बावीस जण बॅटऱ्या छताकडे धरून, माना वर करून चालले होते.